सोमवारचा साडेसहाचा फोन

गेल्या महिन्यात याच पानावर मी लिहिलं होतं की, २०११ ते २०२० अशी नऊ वर्षं मी दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात, एल आल्तो नावाच्या शहरात धर्मभगिनी म्हणून काम केलं आणि आता ठाण्यात आमच्या कॉन्व्हेंटमध्ये राहते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथं उत्तर देते आहे. पहिलं पत्र एका आईचं आहे. त्याला जागा जास्त गेली, बाकीच्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : सिस्टर, माझा धाकटा मुलगा मिशनरी संस्थेत ब्रदर आहे. गेल्या सप्टेंबरपासून संस्थेनं त्याला दोन वर्षांसाठी तुमच्याच त्या एल आल्तोला पाठवलंय. वय सत्तावीस. आठवड्यातून एकदाच, सोमवारी संध्याकाळी साडेसहाला त्याचा फोन येतो. मी विचारते, काय केलंस रे आठवडाभर? तो म्हणतो, ‘काही विशेष नाही मम्मा, बरं चाललंय.’ व्हिडिओत तोंड उतरलेलं दिसतं, ओठ फुटलेले दिसतात. शेजारच्या वहिनी विचारतात तेव्हा माझा मुलगा तिकडे नेमकं काय करतो ते मला सांगता येत नाही. तुम्ही सांगाल का?
— एक आई, चरई, ठाणे

उत्तर : ताई, आधी ओठांचं सांगते, म्हणजे आज तुम्हाला झोप लागेल. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच. एल आल्तोचा विमानतळच ४०६१ मीटरवर आहे आणि शहर त्याच्या भोवती पसरलंय. हवा विरळ, कोरडी, ऊन सुईसारखं टोचणारं. तिथंच जन्मलेल्या पोरांचेसुद्धा गाल फुटलेले असतात. नवख्या माणसाचं डोकं ठणकतं, दोन जिने चढलं की दम लागतो, भूक मरते. याला ते ‘सोरोचे’ म्हणतात आणि कोकाच्या पानांचा चहा देतात. कोकेन याच पानांपासून काढतात, पण नाव ऐकून दचकू नका, आपल्याकडे गवती चहा होतो तितक्या सहज तो तिथं घरोघरी होतो. माझं पहिल्या तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं होतं, वर्षभरात भरून आलं. ओठांसाठी औषधाच्या दुकानात ‘मांतेका दे काकाओ’ नावाची कांडी मिळते, ती कायम खिशात ठेव म्हणून सांगा.

आता त्याच्या आठवड्याचं. तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा त्याच्याकडे सकाळचे नऊ झालेले असतात. रविवारी आम्हाला उसंत नसते, म्हणून सुट्टी सोमवारची. त्या दिवशी कपडे धुवायचे, आठवड्याचा बाजार आणायचा, वरिष्ठांना अहवाल लिहायचा, घरी फोन करायचा. कपडे हातानं धुवायचे, आणि पाणी इतकं गार की बोटं आपली राहत नाहीत. जून-जुलैत तिकडे हिवाळा, रात्री पारा शून्याखाली जातो. संध्याकाळी दोरीवर विसरलेला झगा सकाळी पुठ्ठ्यासारखा ताठ झालेला मी हातात घेतलाय. तेव्हा तुमचा मुलगा तुमच्यापासून काही लपवत नाही, त्याच्या सोमवारात खरंच काही विशेष नसतं. तुम्ही त्याला मंगळवारचं विचारा.

मंगळवार घरभेटींचा. मी गेले तेव्हा मीही सत्तावीसचीच होते. आमच्यातल्या एक जुन्या सिस्टर मला बरोबर घेऊन निघायच्या. एल आल्तोची घरं विटांची, बहुतेकांना गिलावा नाही, त्यामुळे गल्लीच्या गल्ली तांबडी दिसते. प्रत्येक फाटकाशी कुत्रा. वाकून दगड उचलल्यासारखं केलं की मागे सरतो, ही तिथली माझी पहिली शिकवणी.

तिसऱ्या गल्लीत एक आजी राहायच्या. त्या फक्त आयमारा बोलायच्या, ही तिथल्या मूळ लोकांची भाषा. आठ वर्षांची नात त्यांचं बोलणं स्पॅनिशमध्ये करून सांगायची आणि मी मनातल्या मनात ते मराठीत आणायचे. एवढ्या प्रवासात निम्मं सांडायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे ‘चायरो’ ठेवलं. हे घट्ट सूप असतं, त्यात खारवून वाळवलेलं मटण आणि ‘चुन्यो’ घालतात. चुन्यो म्हणजे बटाटाच, पण ऐन थंडीत रात्री उघड्यावर पसरून गोठवलेला, दिवसा उन्हात सोडलेला, पायांनी तुडवून पाणी काढलेला आणि मग खडखडीत वाळवलेला. वर्षानुवर्षं टिकतो. काळा, सुपारीएवढा, आणि चावला की पहिल्या पावसाच्या मातीचा वास तोंडात येतो. मी वाडगा रिकामा केला. दोन तास बसले. कळलेले शब्द हाताच्या बोटांवर मोजता आले असते. परत आल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. एवढ्या लांब येऊन आपण एका बाईच्या घरी नुसतं जेवून आलो, एवढंच मनात होतं.

पुढच्या मंगळवारी नात फाटकात उभी होती. आजीनं माझा वाडगा वेगळा काढून ठेवला होता.

असे चौदा मंगळवार गेले. पंधराव्या खेपेला आजी उठल्या, गादीखाली हात घालून एक प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीत वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात फोटो. त्यांचा मुलगा. २००३ च्या ऑक्टोबरात देशातला गॅस बाहेर विकण्याविरुद्ध एल आल्तोचे लोक रस्त्यावर उतरले, लष्करानं गोळ्या चालवल्या, साठाहून अधिक माणसं गेली. त्यात हा. आजींनी फोटो माझ्या वाडग्याशेजारी ठेवला आणि नातीमार्फत विचारलं, चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेत याचं नाव वाचाल का?

बुधवारी चर्चच्या कार्यालयात मी ते नाव वहीत लिहिलं. बुधवार हा असा, वह्यांचा दिवस. बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाच्या तारखा, आणि सगळ्यात जास्त गर्दी मृतांसाठी मिस्सा सांगणाऱ्यांची. नवव्या दिवसाची, महिन्याची, वर्षाची. मामानी, किस्पे, कोंदोरी, चोके, आडनावं तीच तीच. आपल्याकडे एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, डिसोझा आणि परेरा किती असतात, तसं. म्हणून आईचं आडनावही लिहायचं, नाहीतर कुणाचा माणूस कुणाच्या नावावर जातो. रविवारी मिस्सेआधी ती यादी मोठ्यानं वाचतात. कधी चाळीस नावं, कधी साठ. त्या रविवारी वाचण्याची पाळी माझी होती. आजी तिसऱ्या बाकावर होत्या, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मी नाव वाचलं. त्यांनी एकदा मान हलवली.

त्या सोमवारी माझ्या आईनं फोनवर विचारलं, काय केलंस? मी म्हणाले, काही नाही गं, चाललंय. ते दुःख आजींचं होतं. त्यांनी चौदा मंगळवार मला पारखून मग माझ्या हाती दिलेलं, ते कॉलवर आणि तेही तुटक रेंजमध्ये मी कसं सांगणार? आजी आता नाहीत. नात नर्सिंग शिकते आहे, तिला विचारूनच आज हे लिहिलं, आणि तरी नाव लिहिलेलं नाही. ताई, तुमच्या मुलाच्या वाट्याला कुणाचा फोटो आलाय ते मला माहीत नाही. पण सप्टेंबरपासून तो घराघरात बसतो आहे, तेव्हा काहीतरी आलं असणार.

बाकीचे दिवस भराभर सांगते. गुरुवारी आणि रविवारी ‘सोळा जुलै’ नावाचा भलामोठा बाजार रस्त्यांवर भरतो, गाडीच्या सुट्या भागापासून लग्नाच्या झग्यापर्यंत सगळं तिथं. गुरुवारी चर्चचा कुठलाही कार्यक्रम ठेवायचा नाही, कुणी येत नाही. शुक्रवारी मुलांच्या जेवणाची तयारी. बटाटा तिथं आरोबाच्या मापानं घेतात, एक आरोबा म्हणजे साडेअकरा किलो, आणि नवीन ब्रदर-सिस्टर हमखास सोलायला बसतात. शनिवारी धर्मशिक्षणाचे वर्ग आणि त्यानंतर फुटबॉल. रविवारी तीन-चार मिस्सा, शेवटची दूरच्या वाडीत.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. तिथं रास्ता रोको झाला की आठवडेच्या आठवडे चालतो. २०१९ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे गॅस नव्हता, पेट्रोल नव्हतं, मटण-कोंबडी दिसत नव्हती. अशा वेळी एखाद्या सोमवारी फोन आला नाही तर लगेच वाईट मनात आणू नका, मंगळवार-बुधवारपर्यंत वाट बघा आणि मग त्याच्या संस्थेच्या इथल्या घरी फोन करा.

आणि वहिनींना सांगा : तो लोकांच्या घरी जातो, त्यांच्यात बसून जेवतो, त्यांच्या गेलेल्या माणसांची नावं लिहून घेतो आणि बटाटे सोलतो. हे सगळं खरं आहे, आणि सांगायला लाजण्यासारखं यात काही नाही.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंग झालंय. पाद्री व्हायचं नाही, पण दोन वर्षं लॅटिन अमेरिकेत सेवक म्हणून जायची मनापासून इच्छा आहे. स्पॅनिश अजिबात येत नाही. मोबाइलवरच्या ॲपवर तीन महिने शिकतोय, डोक्यात काही बसत नाही. मराठी माणसाला ही भाषा जमते का?
— खारघर, नवी मुंबई

उत्तर : जमते, आणि इंग्रजीचं बोट सोडलंस तर लवकर जमते. तुझं ॲप तुला इंग्रजीतून शिकवत असणार, तिथंच गाडी अडते. ‘मे गुस्ता ला पापा’ म्हणजे ‘मला बटाटा आवडतो’. बटाटे अनेक झाले की ‘मे गुस्तान लास पापास’, ‘मला बटाटे आवडतात’. क्रियापद बटाट्यामागे जातं, माझ्यामागे नाही. आमच्या वर्गातल्या इंग्रजीभाषक मुली यावर आठवडाभर अडल्या होत्या. मी पहिल्याच दिवशी बोलले, कारण मी आयुष्यभर तसंच बोलत आलेय. टेबलाला आणि खुर्चीला लिंग असतं याचं आपल्याला नवल नाही. तू आणि तुम्ही यांच्यासारखे तिथं ‘तू’ आणि ‘उस्तेद’. त, द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून. आणि ज्या ‘ञ’चा आपण शाळेनंतर कधी उच्चार करत नाही तो तिथं रोज लागतो.

पोर्तुगीजांनी आपल्याकडे सोडलेले शब्दही हात देतात, कारण त्या दोन भाषा बहिणी. साबणाला खाबोन, चावीला ल्यावे, पावाला पान. आणि ‘पगार’ हा शब्द तर जसाच्या तसा आहे, त्याचा अर्थ पैसे देणे. मिनीबसमध्ये पोऱ्या ओरडतो तेव्हा कळतं, भाडं मागतोय. हा पोऱ्या दारात लटकून ‘सेखा, सेखा, सेखा’ असा पुकारा करतो, ठाणे स्टेशनबाहेर ‘लोकमान्य, लोकमान्य’ चालतं अगदी तसा. सेखा म्हणजे एल आल्तोचा कडा, तिथून खाली दरीत ला पाझ शहर दिसतं. २०१४ साली तिथं केबल कारची पहिली लाल मार्गिका सुरू झाली, त्याआधी ते अंतर उतरायला मिनीबसला तासभर लागायचा.

अवघड जाईल ते ‘सेर’ आणि ‘एस्तार’. आपल्याकडे दोन्हीला एकच ‘आहे’. स्वभावानं शांत असलेल्याला वेगळं क्रियापद, आता गप्प बसलेल्याला वेगळं. यावर नियम पाठ करत बसू नकोस, शंभर वाक्यं कानावर पडू देत. आणि ‘आओरीता’ म्हणजे शब्दकोशात ‘आत्ता’, पण तिथल्या माणसानं म्हटलं तर ते आपलं ‘आलोच’ समज.

मी कोचाबांबा शहरात पाच महिने रोज चार तास शिकले, आणि एल आल्तोला पोचले तेव्हा कळलं की म्हाताऱ्या माणसांशी बोलायला आयमाराही हवी. बोलिव्हियाच्या २००९ च्या राज्यघटनेनं स्पॅनिशबरोबर ३६ मूळ भाषांना मान्यता दिली आहे. ‘कामिसाकी’ म्हणजे कसे आहात, उत्तर ‘वालिकी’, बरं आहे. एवढ्या दोन शब्दांवर मला किती घरांची दारं उघडली! इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले तेव्हा त्यांना मराठीचा गंध नव्हता, आणि १६१६ साली त्यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांमध्ये छापलं गेलं. सदतीस वर्षं लागली. तुझे तीन महिने झालेत, ॲप बंद कर आणि स्पॅनिश बोलणारं एखादं माणूस शोध.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, हिंदू. आपला लेख आवडला, पण एक शंका स्पष्टच विचारतो. मिशनरी म्हटलं की धर्मांतर डोळ्यांपुढे येतं. बोलिव्हिया तर आधीच ख्रिस्ती आहे. मग तुम्ही तिथं जाऊन करता काय? आणि त्या मूळ लोकांचा मूळ धर्म घालवला कुणी?
— ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : सर, सरळ विचारलंत, सरळ सांगते. नऊ वर्षांत मी दुसऱ्या धर्मातल्या एकाही माणसाला बाप्तिस्म्यासाठी तयार केलं नाही. जे झाले ते कॅथलिक घरांतल्या तान्ह्या बाळांचे. पाद्री कमी, धर्मग्राम अफाट, म्हणून बाहेरून माणसं लागतात. माझं स्वतःचं बरंचसं काम दवाखान्यात पट्ट्या बांधण्याचं आणि मघाशी लिहिलं त्या वह्यांचं होतं.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र माझ्याही छातीवर आहे. बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात १५४५ साली चांदी सापडली आणि स्पेनच्या राजवटीनं मूळ लोकांना पाळीपाळीनं, सक्तीनं त्या खाणीत जुंपलं. त्या राजवटीबरोबर क्रूस होता. काही पाद्री त्याविरुद्ध बोलले, पुष्कळ बोलले नाहीत. ते माझ्याच चर्चचे होते, त्यांना मी परकं म्हणू शकत नाही. २०१५ च्या ८ जुलैला पोप फ्रान्सिस एल आल्तोला उतरले, आम्ही रस्त्याकडेला घोंगड्या पांघरून चार तास उभ्या होतो. दुसऱ्या दिवशी सांता क्रूस शहरात त्यांनी मूळ लोकांवर झालेल्या अन्यायांबद्दल क्षमा मागितली. आम्ही मुलांच्या जेवणघरात टीव्हीवर पाहत होतो. त्याच आजी बाजूला बसल्या होत्या. त्यांनी नातीला विचारलं, हा देवाची क्षमा मागतोय की आपली? नात म्हणाली, आपली. आजींनी बराच वेळ टीव्हीवरची नजर काढली नाही. त्यांना पटलं की नाही, मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मला होता असंही वाटत नाही.

पण मूळचं सगळं गेलं असंही नाही. पहिला घोट पिण्याआधी आजी दोन थेंब जमिनीवर शिंपडायच्या, पाचामामासाठी, म्हणजे भूमातेसाठी. तुम्ही ताटाभोवती चित्राहुती घालत असाल तर तुम्हाला ते मी समजावून सांगायला नको. १ नोव्हेंबरला दुपारी मृतांसाठी ताट मांडतात, माणसाच्या चेहऱ्याचे पाव भाजतात, त्यांना ‘तांतावावा’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आत्म्यांना निरोप देतात. आमच्या चर्चनंही ते काढून टाका म्हटलं नाही, उलट आमचे फादर कबरस्तानात प्रत्येक ताटापाशी थांबून प्रार्थना म्हणायचे. मी पहिल्या वर्षी लांब उभी राहिले, तिसऱ्या वर्षी पीठ मळायला बसले.

आणि आपल्याच भागातली एक गोष्ट, तुम्ही शिक्षक म्हणून तुम्हाला आवडेल. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया मनिलामध्ये फ्रान्सिस्कन संघाच्या स्पॅनिश धर्मबंधूंमध्ये सामील झाले, त्यांच्याबरोबर जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर मारले गेले. त्याच दिवशी मेक्सिकोचे फेलिपे दे हेसूसही गेले. मेक्सिकोतल्या कुएर्नावाका शहराच्या कॅथेड्रलच्या भिंतींवर त्या दिवशी मारल्या गेलेल्या सव्वीस जणांचं जुनं चित्र आहे. परतताना मी मुद्दाम तिथं थांबले. रंग विटलेत, चेहरे पुसट झालेत. यातला वसईचा कोणता, हे शोधत मी बराच वेळ भिंतीजवळ उभी होते.

प्रश्न : माझा भाऊ पेरूजवळच्या त्याच उंच भागात मिशनवर आहे. गावातलं एक माणूस पुढच्या महिन्यात तिकडे जातंय, दोन किलो सामान नेईन म्हणतं. काय पाठवू? आई लोणचं म्हणते, मी स्वेटर म्हणते.
— कोपरखैरणे

उत्तर : दोन्ही नको गं. स्वेटर तिथं अल्पाका नावाच्या प्राण्याच्या लोकरीचे मिळतात आणि आपल्यापेक्षा उबदार असतात. लोणचं बॅगेत फुटलं तर त्या बिचाऱ्याचे कपडे जातील. घरचा बाटली मसाला दे, अर्धा किलो, दोन पिशव्यांत नीट बांधून. आईच्या हातचं एक पत्र दे, शाईनं लिहिलेलं. माझ्या आईची अशी अकरा पत्रं माझ्याकडे आहेत.

आणि कुकरची रिंग पाठव. तेवढ्या उंचीवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं, उघड्या भांड्यात डाळ तासन् तास ठेवली तरी दाणा दाताखाली येतो. माझा आपल्याकडचा कुकर तिथं अख्ख्या गल्लीत फिरायचा. एके दिवशी रिंग फाटली आणि तसल्या मापाची काही मिळेना, चार महिने मी वरण खाल्लं नाही. दोन रिंगा दे, एक शिट्टी दे, सेफ्टी व्हॉल्व्ह दे. कुकर तीन लिटरचा आहे की पाचचा आणि झाकण आतून बसतं की बाहेरून, ते आधी भावाला फोटो पाठवायला सांगून बघून घे.